आखातातले म्हातारे मासे

९ सप्टेंबर
दवाखान्यातल्या बाईने दंडाला पट्टा बांधला, १८०/१०५ असा आकडा वाचला आणि विचारलं, "आगा, दिवसातून किती वेळा चिडता?"
मी म्हणालो, "एकदाच. सकाळी उठल्यावर. तोच राग मग दिवसभर पुरतो."
ती हसली नाही. राग आला की ओरडायचं नाही, वहीत लिहून काढायचं, असा हुकूम सोडला, आणि घरी रक्तदाब मोजायला एक यंत्र दिलं. बायकोने, उल्मेकेनने, नातवाची कोरी वही आणून दिली. वर पळणाऱ्या घोड्याचं चित्र आहे. तिला एवढा आनंद लग्नातही झाला नव्हता.

तर लिहितो. पहिला राग कुदैबेर्गेनचा. साराबास आखात त्याने सरकारकडून दहा वर्षांसाठी घेतलं. पाणी आमच्या दारासमोर आणि कागद त्याच्या कपाटात. शहरात त्याचा कारखाना आहे. तिथे आमच्या कोक्सेर्के माशाचे काटे काढून तुकडे परदेशी धाडतात. आम्ही बारा जण त्याची टोळी आणि मी टोळीप्रमुख. मासा हातभर असो की वीतभर, किलोला भाव एकच. परवा म्हणालो, "मोठ्याला जास्त भाव दे, म्हणजे लहानाला कोण हात लावील?" तर म्हणतो, "आगा, मोठा मासा माझ्या यंत्रात बसत नाही."
यंत्राच्या तोंडाच्या मापाने समुद्र रिकामा करायचा!

दुसरा राग उद्यासाठी. शहरातल्या संस्थेची मोजणीवाली येतेय.

१० सप्टेंबर
आली. राबिगा नाव. तिशीची, काडीसारखी उंच, मांडीपर्यंत रबरी बूट. अगदी बगळी. सोबत सात जाळी, प्रत्येकाचा आस, म्हणजे भोकाचं माप, वेगळा. पहिल्यातून बोट जाणार नाही, शेवटच्यातून डोकं जाईल. ती दोन आठवडे ठरलेल्या जागी लावायची, रोज सकाळी ओढायची, आणि जे लागेल त्यावरून ती सांगणार की पाण्यात काय आहे आणि हिवाळ्यात बर्फाखालून आम्ही किती मारायचं. मी इथे चाळीस वर्षं मासे मारतोय. मला विचारलं असतं तर चहाच्या एका पेल्यात सांगितलं असतं.
"लहान, मोठं, वेडंवाकडं, सगळं माझ्याकडे आणायचं," बगळी म्हणाली. "सगळं म्हणजे सगळं, आगा."
"मी चोर दिसतो का?"
"नाही. म्हणून तर सांगते. चोराला सांगून काय उपयोग?"
जीभ आहे पोरीला.

११ सप्टेंबर
बगळी होडीत बसली. अर्ध्या तासात सकाळचा चहा, पाव आणि बहुधा कालचं जेवणही समुद्राला अर्पण केलं. उद्यापासून ती किनाऱ्यावर कुदैबेर्गेनच्या बर्फघरातच बसणार, जिथे तो आमचे मासे विकत घेतो. माशाच्या खवल्यावर झाडासारखी वलयं असतात म्हणे. काचेखाली धरून ती मोजली की वय कळतं. होडीत मी आणि शिन्बोलात जाऊ. शिन्बोलात आमच्या टोळीतला, चाळिशीचा. वाऱ्याची दिशाही फोनमध्ये बघतो. वारा त्याच्या तोंडावर आपटत असतो, तरी.

१२ सप्टेंबर
मोठ्या आसाच्या जाळ्यात सात किलोची मादी! पाठ शेवाळलेल्या दगडासारखी, डोळा काचेच्या गोटीएवढा. रोजच्या कामाला आम्ही ही जाळी वापरत नाही, कारण यंत्राला लहान मासा हवा. त्यामुळे असा जीव वर्षाकाठी एखादाच दिसतो.
किनाऱ्याला लागलो तर ओरिनबासर अक्सकाल काठीवर रेलून उभे. गावचे वडीलधारे, चौऱ्याऐंशी वर्षांचे. म्हणाले, "शिराल्गी!"
झालं. जाळ्यावरून परतणाऱ्याला वाटेत कुणी शिराल्गी म्हटलं की त्यातला वाटा त्याचा. बाबा म्हणायचे, शब्द कानावर पडला त्या क्षणी तो मासा तुझा उरला नाही. आणि लहान मासा देणारा तर न देणाऱ्याहून हलका. मी मादी उचलली आणि दोन्ही हातांनी अक्सकालांना दिली. त्यांनी टोळीला भरभरून आशीर्वाद दिला.
शिन्बोलात कुजबुजला, "आगा, ही मोजायला नको होती का?"
"मोज की. अक्सकालांच्या पातेल्यात उतरून मोज."
उरलेलं बगळीसमोर ओतलं. तिने विचारलं, "एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच." खरं तेच सांगितलं.

१५ सप्टेंबर
गावात बातमी पसरली की झाल्गासच्या, म्हणजे माझ्या, होडीत सध्या म्हातारे मासे येतायत. आज वाटेत तिघं. कुल्झिपा आपा, त्यांची विधवा सून आणि शाळेचा चौकीदार. तिघांना तीन दिले. काल दोन गेले होते. कुल्झिपा आपा म्हणाल्या, "तुझ्या बापाचा हात असाच सैल होता रे." छाती भरून आली. कुदैबेर्गेनने आखात घेतलं, पण देण्याचा मान अजून आमच्याकडे आहे.

पण परत येताना राग आला तो वेगळाच. पलीकडच्या काठावरचे चोर! बोरूच्या बेटात त्यांचं चिनी धाग्याचं जाळं सापडलं, दोनशे पावलं लांब. केसासारखा धागा, पाण्यात दिसत नाही, पाण्यात कुजत नाही. आत करंगळीएवढी पिल्लं सडलेली. मी ते सुरीने फाडलं आणि तोंडाने त्यांच्या सात पिढ्या फाडल्या. १८५/११०.

तसली तीन मीही मे महिन्यात लावली होती, विणीच्या बंदीत. पण ते वेगळं. मुलीच्या पाठवणीला व्याही येणार होते. समुद्रकाठच्या माणसाने व्याह्यांना दुकानातला गोठलेला मासा वाढायचा? त्यापेक्षा वाळू वाढलेली बरी. दोन रात्री लावली आणि काढली. त्याला चोरी म्हणत नाहीत.

१९ सप्टेंबर
वारा. होडी नाही. कुणावर चिडावं तेही सुचेना. १६०/९५.

२४ सप्टेंबर
शेवटची ओढ. दोन मोठे आले. एक मोटारसायकलवरून जाणाऱ्या परगावच्या माणसाने मागितला. ओळख ना पाळख, पण शब्द उच्चारला. दुसरा पुन्हा कुल्झिपा आपांना.
बगळीला निरोपाचं जेवण घातलं. कितीही राग असला तरी रिकाम्या पोटी पाठवायची रीत नाही. उल्मेकेनने कार्मा केला होता. लाटलेल्या पोळीच्या तुकड्यांवर उकडलेला मासा, वर कांद्याचा रस्सा.
"काय तुकडा आहे हो हा! कुठून आणलात?" बगळीने विचारलं.
"शेजारून आला," उल्मेकेन म्हणाली. "कुल्झिपा आपांनी अर्धा पाठवला."
पोरीने दोनदा घेतला. जाताना मला म्हणाली, "आगा, तुम्ही सगळं नीट आणून दिलंत. सगळीकडे असं मिळत नाही." मी मिशी पिळली. बगळी वाटते तेवढी वाईट नाही.

४ नोव्हेंबर
वाईट आहे! नागीण आहे!
शाळेत सभा झाली. राबिगा आली, भिंतीवर तक्ता लावला आणि पट्टी ठेवून म्हणाली, "सहा वर्षांवरचा कोक्सेर्के एकही नाही. शून्य." मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते, ती अंडी जगतातही जास्त. अशा माद्याच नसतील तर आज दिसणारी पिल्लं ही शेवटची समजा. म्हणून साराबास दोन हिवाळे बंद.
दोन हिवाळे! आमचं वर्ष म्हणजे बर्फाचे तीन महिने. बारा चुली त्याच्यावर चालतात.
मी उठलो. "पोरी, शहरात काचेखाली बघून समुद्र कळतो का?"
"तुम्हीच आणलेले मासे आहेत, आगा."
"मग तुझी काच आंधळी आहे!"
लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओरिनबासर अक्सकाल काठी आपटत म्हणाले, "हे पाणी एकदा आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं होतं, बाळ. ते परत आलं. आता पाणी आहे तर तू मासे काढून घेतेस?" तिचे डोळे भरले. तरी तक्ता खाली घेतला नाही.
कोपऱ्यात कुदैबेर्गेन टोपी फिरवत बसला होता. शांतपणे म्हणाला, "आखात बंद तर माझं बर्फघर इथे काय करणार? एक डिसेंबरला उचलून दक्षिणेच्या काठावर नेतो. तिथे माझी दुसरी टोळी आहे." बर्फघर गेलं की खरेदी गेली. मग दोन वर्षांनी आखात उघडलं तरी मासे काय कावळ्यांना विकायचे?
शिन्बोलात सभेभर माझ्याकडे बघत होता. बोलला काही नाही. भित्रा.

५ नोव्हेंबर
घरीही तेच चालू होतं. "म्हातारे मासे नाहीत म्हणे! शून्य म्हणे!"
उल्मेकेन कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "नाहीत कसे? होते की. गावाने पंधरा दिवस तेच खाल्ले."
"तेच सांगतोय मी!"
"मग तिला सांगितलं होतंत का?"
"ती शिराल्गी होती. तिचा मोजणीशी काय संबंध?"
ती कणीक मळत राहिली. मला तिचा राग आला. का आला ते कळलं नाही.

६ नोव्हेंबर
वही पहिल्यापासून वाचली.
ज्यांची नावं लिहिली होती त्यांच्याकडे, आणि ज्यांची राहिली होती त्यांच्याकडेही, जाऊन विचारून आलो. सतरा मासे. सगळ्यांत लहान चार किलोचा. मोठ्या जाळ्यात लागलेला एकही बर्फघराच्या दारापर्यंत पोचला नव्हता.
तिने म्हटलं होतं, सगळं म्हणजे सगळं. आणि मी शपथेवर सांगतो, मी सगळंच आणलं होतं. दिलेला मासा माझा नव्हताच, तो मी आणणार कसा? चाळीस वर्षं मी असाच मोजत आलो. दिलेलं मनातही मोजायचं नाही, हे बाबांनी मार देऊन शिकवलं होतं.
आता ओरडू कुणावर? दाबाचं यंत्र लावून बघितलं नाही.

७ नोव्हेंबर
राबिगाला फोन लावला. सांगितलं. 
"आगा," ती म्हणाली, "आज आखात बंद झाल्यावर तुम्हाला सतरा मासे आठवतात. माझे वरिष्ठ हसतील. कुठे लिहिलेलं आहे का? त्याच दिवशीचं, तारखेसकट?"
"सगळं नाही, पण आहे."
"मग पाठवा! त्यावर पुन्हा मोजणी मागता येईल."
"त्यात इतरही काही आहे."
"ती पानं फाडू नका. फाडलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवेल?"
"एका पानावर मे महिन्यातल्या जाळ्यांचं लिहिलंय," मी म्हणालो. तिला कळलं. या धंद्यात मे महिना म्हटलं की सगळ्यांना कळतं.
"वही माझ्या हातात आली तर मला काही झाकता येणार नाही," ती म्हणाली. "आधीच सांगते."
बगळीचा हा सरळपणाच डोक्यात जातो.

१० नोव्हेंबर
तीन दिवस वही पिठाच्या डब्यामागे होती. नजर नको म्हणून. तरी दिसत होती.
वही दिली तर टोळीप्रमुखपद जाणार. दंड होणार. पलीकडच्या ज्या चोरांना मी सात पिढ्यांपर्यंत शिव्या घातल्या, त्यांच्या रांगेत माझं नाव लागणार. न दिली तर कुणाला काही कळणार नाही, फक्त बर्फघर जाणार.
आज कुदैबेर्गेनची माणसं आधीच बर्फघराचे खिळे काढायला आली. काय करायचं ते विचारायला शिन्बोलात घरी आला. बसला, चहा प्यायला.
मीच विचारलं, "सभेत तू का बोलला नाहीस? होडीत तूच होतास ना?"
"बोललो असतो तर लोक म्हणाले असते, झाल्गास आगाने गावाची पोटं भरली आणि हा चुगली करतो." पेला पालथा घातला. "शिवाय मी होडीत विचारलं होतं, आगा. तुम्ही म्हणालात, पातेल्यात उतरून मोज."
त्याला म्हणालो, "खिळे काढू देऊ नकोस. चार दिवस थोपव." त्याने माणसांना म्हाताऱ्या उंटिणीचं दूध पाजलं. पोटं बिघडलीत, दोन दिवस तरी त्यांना हातोडी धरवणार नाही. डोकं आहे त्याला, हे लिहायला आज राग येत नाही.

१२ नोव्हेंबर
शहर. संस्थेच्या जिन्यात बसून हे लिहितोय. राबिगा मिटिंगमध्ये आहे. अजूनही उठून बसस्टँडवर जाता येईल. साडेतीनची गाडी आहे.
आली. वही मागतेय. म्हणालो, "एक ओळ राहिलीय."
पोरी, हे तू वाचशीलच. त्यात तुला बगळी आणि नागीण, तुझ्या काचेला आंधळी म्हटलंय. तेही मोज. सगळं म्हणजे सगळं.

२१ डिसेंबर
नवी वही. हिच्यावर उंट आहे.
राबिगाने जिन्यात उभ्याउभ्याच पहिली पंधरा पानं वाचली होती. चोवीस सप्टेंबरला पोचली आणि भिंतीला टेकली. म्हणाली, "म्हणजे त्यातला एक मी खाल्ला!" आणि मग हसता हसता रडायला लागली. दारातून शिपाई बघत होता.
सतरा मासे वहीतून तक्त्यात गेले नाहीत. संस्था म्हणाली, वहीतल्या माशाला खवले नसतात. पण पुन्हा मोजणी मंजूर झाली, म्हणून कुदैबेर्गेनने बर्फघर निकालापर्यंत राहू दिलं. आणि मे महिन्याचं पान निरीक्षकाकडे गेलं. दंड, आणि एक वर्ष पाण्यावर पाऊल ठेवायचं नाही. टोळीप्रमुख शिन्बोलात.
आज त्यांनी बर्फाखाली मोजणीची जाळी घातली. मी घराच्या छपरावर चढून दुर्बिणीतून बघितलं. पहिलं भोक वाऱ्याच्या उलट्या बाजूला पाडलं, गाढवाने! छपरावरूनच ओरडलो. दोन किलोमीटरवर कुणाला ऐकू जाणार? उल्मेकेनने शिडीखालून दाबाचं यंत्र दाखवलं.

१३ जानेवारी
निकाल लागून दहा दिवस झाले. सहा वर्षांवरचे अकरा निघाले. शून्य नाही, पण मी सभेत छाती ठोकून सांगत होतो तेवढेही नाहीत. राबिगाने फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "सप्टेंबरचे सतरा पाण्यातच असते तर?" ती म्हणाली, "तर अठ्ठावीस असते कदाचित. कोण जाणे." हे तिला खोटं सांगता आलं असतं.
आखात पश्चिमेकडून अर्धं उघडणार. नेहमीच्या एक तृतीयांश मासे मारायचे, तेही फक्त मधल्या आसाच्या जाळ्याने. पिल्लं निसटतील. फार म्हाताऱ्या माद्या त्यात सहसा अडकत नाहीत, थडकून परत जातात. जो मासा लागेल तो मात्र कुदैबेर्गेनच्या यंत्रात बसत नाही. तो आठवडाभर फुरफुरला. मग बर्फघरातच लांब टेबल टाकून गावातल्या सहा बायका कापायला ठेवल्या. हाताने कापलेल्या तुकड्याला जास्त भाव येतो, हे त्याला आत्ता कळलं. मी सप्टेंबरात बोंबलत होतो ते काय होतं?
त्या सहांची मुकादम उल्मेकेन. सकाळी सुरी घासून कामाची तयारी करायला जाते. जाताना मला सांगते, "भांडी घासून ठेवा. आणि चिडू नका."

१४ जानेवारी
पहिली ओढ. आख्खं गाव काठावर. मीही गेलो. बर्फ जिथे सुरू होतो तिथे थांबलो, पाऊल अलीकडे.
गाडी बर्फावरून किनाऱ्याला आली. शिन्बोलात चालवत होता. मला बघून त्याने वेग कमी केला, पण थांबला नाही. 
छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता, नेहमी ऐकला होता. 
"शिराल्गी," मी म्हणालो.
गाडी थांबली.  ओरिनबासर अक्सकालांनी कानामागे हात धरला. शिन्बोलात खाली उतरला, मागे गेला आणि ढिगाऱ्यातला सगळ्यांत मोठा मासा उचलला. जाळ्याच्या दोरीत शेपूट गुंतून आलेली मादी. मी हात पुढे केले.
"थांबा, आगा."
त्याने फूटपट्टी लावली. तराजूला टांगली. सुरीच्या टोकाने पाठीवरचा एक खवला काढला, लहानशा पाकिटात टाकला, पेन्सिलीला थुंकी लावून वर लिहायला लागला. "नवा रकाना आहे. कुणाला दिला. काय लिहू?"
"लिही, झाल्गास. जुना गुन्हेगार."
"झाल्गास आगा," तो मोठ्याने म्हणत लिहीत गेला, "किनारा, चौदा जानेवारी." मग मादी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. मी आशीर्वाद दिला. आता तेवढंच माझ्याकडे आहे.

घरी उल्मेकेनने पोट उघडलं. दोन्ही ओंजळी भरतील एवढी गाभोळी.  मग मी पाठीवरचा दुसरा खवला काढला, नातवाचं भिंग घेतलं आणि खिडकीशी जाऊन वलयं मोजली. दोनदा मोजली. दहा.
दहा हिवाळे हिने माझी जाळी चुकवली. मे महिन्यातली ती तीनसुद्धा. आणि शेवटी लागली कुणाच्या हाताला? वाऱ्याच्या उलट्या बाजूला भोक पाडणाऱ्या शिन्बोलातच्या!
असा राग आला. लिहून ठेवला.